पगारेबाईंचं मत

मी शाळेत रुजू झाले त्याच दिवशी पगारेबाईंनी शिपायाच्या कानाखाली वाजवली.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल होतं. जुन्या नाशकातली, बसक्या खोल्यांची प्राथमिक शाळा. दुष्काळ ओसरला होता, पण मुलांना दुपारी सुकडी वाटायची पद्धत अजून चालू होती. एका मुलाने दुसऱ्यांदा हात पुढे केला म्हणून शिपायाने त्याला ढकललं. पोरगं पायरीवरून पडलं, ओठ फुटला. मी नेमणुकीचा कागद हातात धरून दारात उभी होते. तेवढ्यात समोरच्या वर्गातून एक उंच, काळी, जाड काचांच्या चष्म्याची बाई तरातरा आली आणि तिने शिपायाला अशी थप्पड दिली की त्याची टोपी सुकडीच्या पातेल्यात पडली. मग तिनेच टोपी उचलली, झटकली, त्याच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, "आता हेडसरांकडं जा. सांग, पगारेबाईनं मारलं. मी नाही म्हणायची नाही."

माझ्याकडे वळून म्हणाली, "नवीन का? नाव काय?"

"कुंदा."

"ये आत. घाबरू नकोस, मी रोज नाही मारत."

रोज नव्हत्याच मारत. पण त्यांचा हात चटकन उठायचा हे सगळ्या नाशकाला नाही तरी आमच्या गल्लीला ठाऊक होतं. मुलींना छेडणाऱ्या एका सायकलवाल्याला त्यांनी सायकलसकट गटारात लोटलं होतं. नवऱ्याबद्दल मी एकदा भीत भीत विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "त्यानं मला एकदा मारलं. मी त्याला एकदा मारलं. माझं जरा जोरात लागलं. मग मी निघून आले." आणि हसल्या. हसताना त्यांचे दात फार सुंदर दिसत. नवऱ्याचं नाव त्यांनी कधी लावलं नाही. माहेरचं पगारे तेच ठेवलं.

वर्गात त्यांचा एक शब्द ठरलेला होता. कुणी कुणाची पेन्सिल घेतली, कुणी दुसऱ्याच्या डब्यातली भाकरी उचलली, की बाई टेबलावर हात आपटून विचारत, "विचारलंस?" बस, एवढंच. मूल मान खाली घालायचं. "विचारून घे. नाही म्हणाला तर घेऊ नको. आणि विचारल्याशिवाय घेतलंस तर माझ्याशी गाठ आहे." वर्गाचा मॉनिटर बाकीच्या वर्गांत बाई नेमायच्या, ह्यांच्या वर्गात पोरं चिंचोके टाकून निवडायची. एका वर्षी सगळ्यात खोडकर पोरगा निवडून आला. हेडसर म्हणाले, बदला. बाई म्हणाल्या, "बदलायचा तर पोरांना परत विचारते. तुम्हाला-मला नाही बदलता येत."

हेडसर वाईट नव्हते. पापभीरू माणूस. पुढे जे झालं त्यात त्यांचं पापही होतं आणि भीतीही.

बाईंचं गाव सायखेड्याच्या पुढे, गोदावरीच्या काठाला. गावाबाहेर ओढा, ओढ्याच्या अलीकडे बौद्धांची वस्ती, पलीकडे गाव आणि गावातली शाळा. वस्तीत त्यांची आई आणि भाऊ उत्तम राहायचे. उत्तम बाईंपेक्षा तेवीस वर्षांनी धाकटा. शेंडेफळ. बाईंना मूल नव्हतं. त्याला अक्षर ओळखायला, नदीत पोहायला, शर्टाला बटण लावायला, सगळं त्यांनीच शिकवलं. तो सिन्नरला एका कारखान्यात कामाला लागला तेव्हा बाईंनी सगळ्या शाळेला पेढे वाटले. एकदा तो शाळेत आला होता. बहिणीसारखाच उंच, लाजरा. हजेरीच्या कोऱ्या कागदावर बाईंनी त्याला सही करायला लावली आणि आम्हाला दाखवली. "बघा. माझ्यापेक्षा बरी आहे का नाही?" झोकदार सही होती खरी. शेवटच्या अक्षराखाली एक लांब रेघ.

मग आणीबाणी आली.

पहिलं वर्षभर शाळेला त्याचं काही वाटलं नाही. गाड्या वेळेवर येतात म्हणे, कचेरीत माणसं खुर्चीवर सापडतात म्हणे. शहात्तरच्या पावसाळ्यानंतर मात्र वरून कागद आला. प्रत्येक शिक्षकाने कुटुंबनियोजनाच्या नसबंदीच्या केसेस आणायच्या. केस म्हणजे माणूस. आणल्या नाहीत तर पगार थांबणार. शिक्षकांच्या खोलीत कुणी एकमेकांच्या डोळ्याला डोळा देईना. मी माझ्या मामांना गळ घातली. ते पन्नाशीचे, पाच मुलांचे बाप, माझी नोकरी टिकावी म्हणून तयार झाले. त्या गोष्टीची मला आजही लाज वाटते. पगारेबाईंनी कागद वाचला आणि घडी करून हेडसरांच्या टेबलावर परत ठेवला.

"मी पोरांना शिकवते. माणसं धरून आणायचं काम मला जमणार नाही."

"अहो बाई, समजून घ्या. वरून दाब आहे."

"तुमच्यावर आहे तो तुम्ही सोसा. माझ्यावर टाकू नका."

त्यांचा पगार थांबला. दोन महिने त्यांनी डब्यात नुसती भाकरी आणि लाल तिखट आणलं. आमच्या डब्यातलं घ्यायच्या नाहीत.

थंडीचे दिवस सुरू झाले होते. उत्तम सिन्नरच्या रस्त्याला सकाळच्या एसटीची वाट बघत उभा होता. बरोबर वस्तीतलीच आणखी दोन माणसं होती. जीप आली, मागे पोलिसांची गाडी. खाली उतरलेल्यांनी विचारलं नाही, सांगितलं नाही, दंडाला धरून आत घालायला सुरुवात केली. एकाने चालत्या जीपमधून उडी मारली, त्याची मांडी मोडली. त्याला रस्त्यावर तसाच टाकून जीप पुढे गेली. त्याआधी उत्तमने हात झटकला म्हणून त्याच्या पोटात लाठी बसली होती. हे सगळं त्या मांडी मोडलेल्या माणसाने नंतर सांगितलं.

एका शाळेत नसबंदीचं शिबिर होतं, तिथलं तिसऱ्याने सांगितलं. बाकं जोडून टेबलं केलेली. उत्तम बावीस वर्षांचा, लग्न न झालेला. तो ओरडून सांगत होता, माझं लग्न व्हायचंय. पाठीवर, पोटऱ्यांवर लाठ्या बसत होत्या. संध्याकाळी त्याला रस्त्यावर सोडून दिलं. चार मैल तो फाकत फाकत चालत घरी आला आणि आईला म्हणाला, पडलो.

लाजेने त्याने आठ दिवस कुणाला जखम दाखवली नाही. नवव्या दिवशी त्याचं तोंड उघडेना. भाकरीचा तुकडा दातांशी अडकला. बैलगाडीत घालून सायखेड्याला आणि तिथून नाशकाला दवाखान्यात आणलं. धनुर्वात.

मी दुपारी बाईंसाठी डबा घेऊन जायचे. खोली अंधारी केलेली होती. उजेड पडला, आवाज झाला की उत्तमचं अंग कमानीसारखं वर उचललं जायचं. नुसती टाच आणि डोकं खाटेला टेकलेलं, आणि दातांतून एक आवाज यायचा, तो मी लिहू शकत नाही. पगारेबाईंनी हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या होत्या, वाजू नयेत म्हणून. चपला दाराबाहेर. ज्या बाईचा आवाज चौथीच्या वर्गातून पहिल्या मजल्यापर्यंत यायचा ती बाई तीन दिवस नुसते ओठ हलवून बोलत होती. तिसऱ्या दिवशी बाहेरच्या व्हरांड्यात कुणाच्या तरी हातून स्टीलचं ताट पडलं. उत्तमचं अंग ताठ झालं ते सैल पडलंच नाही. बाई त्याच्या छातीवर दोन्ही तळवे ठेवून त्याला खाली दाबत होत्या. मग त्यांनी तळवे उचलले. बाहेर आल्या. ताट पाडणारी मुलगी रडत उभी होती. मला वाटलं आता मारतात. त्यांनी ताट उचलून तिच्या हातात दिलं.

दहनाच्या दुसऱ्या दिवशी बाई तालुक्याच्या कचेरीत गेल्या. माझ्या भावाचा कागद दाखवा म्हणाल्या. तिथल्या कारकुनाने वही उघडली. उत्तमच्या नावापुढे अंगठा होता.

"ह्याला सही येत होती," बाई म्हणाल्या. "मी शिकवली होती. अंगठा कसा?"

कारकून गडबडला. मग त्याने बोट पुढच्या रकान्यावर नेलं. प्रवर्तक, म्हणजे केस आणणारा, त्या रकान्यात लिहिलं होतं: सुभद्रा पगारे, शिक्षिका, नाशिक.

"तुमचीच तर केस आहे ना बाई," तो म्हणाला. "तोच ओरडत होता, माझी बहीण नाशकात बाई आहे, पगारेबाई, तिला विचारा, तिला विचारा. साहेब म्हणाले, मग लिही तिचंच. तिच्या खात्यावर घाल. शाळेतूनही तुमच्या नावाची एक केस घाला म्हणून चिठ्ठी होतीच."

चिठ्ठी हेडसरांची होती. बाईंचा पगार सुटावा म्हणून त्यांनी ती कळवळ्याने पाठवली होती. बाईंना न विचारता.

कारकुनाच्या तोंडून ते वाक्य पुरतं बाहेर पडायच्या आत बाईंनी ती जाडजूड वही उचलून त्याच्या तोंडावर हाणली. नाक फुटलं. साहेब बाहेर आले, त्यांच्या शर्टाला धरून बाईंनी त्यांना भिंतीवर आदळलं. मग पोलीस आले. तेव्हा कायदा विचारायची सोय नव्हती. नऊ दिवस बाई कोठडीत होत्या. वही उचलणारा हात कोणता, असं विचारून पोलिसांनी उजवा हात जमिनीवर ठेवायला लावला आणि बुटाने दाबला. दोन बोटं मोडली. तळपायांवर पट्ट्याने मारलं. ह्यातलं बाईंनी मला एवढंच सांगितलं, आणि तेही पुष्कळ वर्षांनी, भाजी निवडताना.

परत आल्या तेव्हा हाताला पट्टी, चाल फेंगडी. हेडसर खुर्चीवरून उठून उभे राहिले, हात जोडले. बाई म्हणाल्या, "हजेरी द्या." बस. पगारपत्रकावर त्या महिन्याचा पगार त्यांच्या नावापुढे निघाला होता, केस मिळाली म्हणून. त्यावर त्यांनी सही केली नाही. फळ्यावर डाव्या हाताने लिहायला लागल्या. अक्षरं पहिलीतल्या मुलासारखी वाकडीतिकडी. पोरं हसली. बाईंनी हसू दिलं.

पण खरा मार त्यांना गावात बसला. ज्यांच्यासमोर वही उघडली होती त्यांच्यापैकी कुणी तरी गावात सांगितलं, कागदावर तर बहिणीचंच नाव आहे. पगार अडला होता, तो सोडवायला भाऊ दिला. बाई गावी गेल्या तर आई दार लावून बसली. दाराच्या फटीतून एवढंच म्हणाली, "तुजं नाव हाय म्हनत्यात." आणि नंतर तीन महिने एक शब्द बोलली नाही.

सत्याहत्तरच्या सुरुवातीला अचानक निवडणूक जाहीर झाली. आमच्यातल्या बहुतेकांच्या नावे निवडणुकीची ड्युटी निघाली. बाईंचं आणि माझं नाव नव्हतं. त्यांचं का नव्हतं ते कुणी विचारलं नाही. बाईंचं मत गावच्या यादीत होतं. त्यांनी ते कधी नाशकाला आणलं नव्हतं. मतदानाच्या आदल्या दिवशी मला म्हणाल्या, "सकाळी माझ्याबरोबर येशील? हात अजून धड चालत नाही. एसटीत चढताना त्रास होतो."

"येते."

"आधी तुझं मत टाक. न टाकता आलीस तर परत पाठवीन."

मी रांगेत पहिली उभी राहिले, मत दिलं आणि बसस्टँडवर गेले. गावी पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. द्राक्षं काढायचे दिवस, पण बागांत कुणी दिसेना. वस्तीत तर चिटपाखरू नव्हतं. चुली विझलेल्या. एका दारात म्हातारा बसला होता. तो म्हणाला, "जीप आली व्हती सकाळच्या पारी. समदे उसात पळाले."

ती जीप मतदानाचं सामान तपासायला आली होती. पण थंडीपासून वस्तीला जीप म्हणजे एकच गोष्ट माहीत होती.

बाई उसाच्या बांधावर उभ्या राहिल्या. "अरे या बाहेर! मी आहे, सुभद्रा! मतं द्यायचीत आज!"

ऊस हलला. एक बाई अर्धी बाहेर आली. "नगं बाई. नाव इचारत्यात, शाई लावत्यात. आन मग नेत्यात. उत्तमला बी शाईच लावली व्हती."

"ही ती शाई नाही."

"तुला काय ठावं? तुजंच नाव..." ती थांबली.

बाईंचा चेहरा क्षणभर असा झाला की मी त्यांच्या दंडाला धरलं. मग त्या मोठ्याने म्हणाल्या, सगळ्या उसाला ऐकू जाईल असं. "हो, माझं नाव आहे. त्यानं मला हाक मारली, म्हणून लिहिलं. मला विचारा म्हणत होता तो. मला कुणी विचारलं नाही. त्याला कुणी विचारलं नाही. आज पहिल्यांदा ते आपल्याला विचारतायत, आम्ही राहू का जाऊ. आज उसात बसलात तर त्यांना उत्तर मिळालं, की चालतंय, न्या पोरं. मी जाते. शाई आधी मला लावू दे. मला नेलं तर तुम्ही पळा."

त्या निघाल्या. मागे बघितलं नाही. मी बघितलं. दहाबारा बायका, पाचसहा पुरुष, लांबून, अंतर ठेवून.

ओढ्याच्या पलीकडे चढावर सात-आठ जण उभे होते. गावातल्या तात्यांची माणसं, पुढे त्यांचा पुतण्या. तात्या म्हणजे गावातले सत्तेच्या बाजूचे मोठे पुढारी. पुतण्याच्या हातात बैल हाकायची काठी.

"सुभद्राबाई, माघारी जा. वस्तीची मतं झाली."

"कुणी दिली?"

"झाली म्हनलं ना."

बाई पाण्यात उतरल्या. घोटाभर पाणी होतं. पहिली काठी खांद्यावर बसली. मी किंचाळले. मला वाटलं आता बाई त्याला धरून पाण्यात बुडवणार. हे त्यांना सहज जमलं असतं. त्यांनी हात उचलला नाही. चालत राहिल्या. दुसरी काठी पाठीत. तिसरी डोक्यात, कानाच्या वर. चष्मा पाण्यात पडला. रक्त मानेवरून पोलक्यात उतरलं. त्या गुडघ्यावर आल्या, डावा हात दगडावर टेकला आणि पुन्हा उभ्या राहिल्या. मला त्यांनी नंतर सांगितलं, "मारामारी झाली असती तर केंद्र बंद केलं असतं. त्यांना तेच पाहिजे होतं."

पुतण्याने पुन्हा काठी उगारली, तेव्हा आमच्या मागून एक विलक्षण ओरडणं आलं. उसातून एक म्हातारी पळत येत होती, डोक्यावरचा पदर गळ्यात, दोन्ही हातांत भाकरीएवढा दगड धरलेला. बाईंची आई. ती ओढ्यात आली ती सरळ पुतण्याकडे निघाली आणि तिने दगड डोक्यावर उचलला. तो माणूस मागे सरकला. पाय घसरून पाण्यात बसला. त्याचं डोकं तिच्या हाताच्या टप्प्यात होतं.

"माय, दगड टाक!" बाई ओरडल्या.

म्हातारीचा दगड तसाच वर.

"माय, टाक म्हणते ना! मत द्यायचंय आपल्याला!"

म्हातारीने दगड पाण्यात टाकला. पाणी आमच्या सगळ्यांच्या अंगावर उडालं. तोवर मागची माणसं ओढ्यात उतरली होती, उसातून आणखी निघत होती. चढावरच्या दोघातिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि वाट सोडली. पुतण्याला कुणी हात दिला नाही. तो पाण्यात बसून राहिला आणि वस्ती त्याच्या दोन्ही बाजूंनी वर गेली.

शाळेत मतदान घेणारे मास्तर बाईंकडे बघून उभेच राहिले. "अहो, आधी डॉक्टर..."

"आधी मत."

शाई लावली. बाईंनी ते बोट वर करून दारातल्या लोकांना दाखवलं आणि पडद्यामागे गेल्या. मग आई आली. तिला सही येत नव्हती, अंगठा घ्यायला मास्तरांनी तिचा हात धरला, तसा तिने तो हिसकून पोटाशी घेतला. मास्तर मऊपणाने म्हणाले, "आजी, तुमच्या मर्जीनं. नको असेल तर नाही घेत." म्हातारीने त्यांच्याकडे पुष्कळ वेळ बघितलं. मग अंगठा स्वतः पुढे केला.

"कोनाला देऊ ग?" तिने दारातून बाईंना विचारलं.

"ते मला सांगायचं नाही."

पडद्यामागे ती इतका वेळ राहिली की मास्तर अस्वस्थ झाले. बाहेर आली. आम्ही पुन्हा ओढ्यापाशी आलो, बाईंचा चष्मा शोधला, एक काच फुटलेली होती. म्हातारीने लुगड्याचा काठ फाडून लेकीचं डोकं बांधलं. बांधताना म्हणाली, "लय बारीक चित्रं काढल्यात मेल्यांनी." आणि गाठ मारून झाल्यावर, "चल. जेवून जा."

निकाल लागला त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत रेडिओ लावला होता. सरकार पडलं. कुणी टाळ्या पिटल्या, हेडसर रडले. पगारेबाई डोक्याला पट्टी बांधून गणिताच्या वह्या तपासत होत्या. मी म्हटलं, "बाई, जिंकलो!" त्यांनी वर बघितलं. "उत्तमला सांगता आलं असतं तर बरं होतं," म्हणाल्या, आणि पुढची वही ओढली.

पुढे एकदा तो कारकून शाळेत आला. चौकशा सुरू झाल्या होत्या, तो घाबरला होता. हात जोडून म्हणाला, "बाई, मी नुसता लिहिणारा. माझ्या पोराबाळांकडं बघा."

"उत्तम आणखी काय म्हणाला होता?"

"पाणी मागत होता."

"दिलंस?"

त्याने मान खाली घातली. नाकावर अजून व्रण होता. मी बाईंच्या हाताकडे बघत होते. बाई म्हणाल्या, "जे झालं ते जसंच्या तसं सांग चौकशीत. माझं नाव कसं घातलंस तेसुद्धा. जा." तो गेल्यावर त्या नळाशी गेल्या आणि ओंजळी भरभरून तोंडावर पाणी मारत राहिल्या. वर्गाची घंटा झाली तरी नळ चालू होता.

तीन वर्षांनी पुन्हा निवडणूक झाली आणि लोकांनी त्याच लोकांना परत निवडून दिलं. मला फार राग आला होता. मी म्हटलं, "बाई, काय उपयोग झाला? तुमचं डोकं फुटलं ते फुकटच ना?"

त्या कढी ओरपत होत्या. वाटी खाली ठेवली. "मी ह्यांना मत दिलं नाही. पण आले. लोकांनी आणले."

"मग?"

"मग काय? जीपवाल्यांनी विचारलं होतं का? ह्यांना विचारावं लागलं. तात्या माझ्या आईच्या दारात आले होते ह्या वेळेला, पायातलं काढून. पुतण्या बरोबर. आईनं बसायला पोतं दिलं आणि म्हणाली, बघू. पुढच्या वेळेला परत यावं लागेल त्यांना. तेवढंच आहे आपल्या हातात, कुंदा. फार नाही. पण तेवढं सोडलं की जीप येते."

डोक्याच्या त्या मारानंतर त्यांना उजव्या कानाने ऐकू यायचं कमी झालं, आणि थंडीत डोकं दुखायचं. आई वारल्यावर गावचं घर त्यांनी चुलत भावाला दिलं आणि निवृत्तीनंतर इंदिरानगरच्या बाजूला, नव्या वसाहतीत दोन खोल्या घेतल्या. भेटी कमी झाल्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते एकोणनव्वदच्या निवडणुकीत. माझी ड्युटी त्यांच्याच वसाहतीतल्या केंद्रावर लागली होती. दुपारी दोनच्या सुमाराला बाहेर दोन टोळक्यांची जुंपली. सायकलच्या चेनी, सोड्याच्या बाटल्या. एका पोराच्या कपाळावर बाटली फुटली, तो आमच्या दारात येऊन पडला, रक्ताने उंबरा भिजला. रांगेतल्या बायका किंचाळत पळाल्या. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, त्या मारणाऱ्यांना कमी आणि रांगेला जास्त लागल्या. पाच मिनिटांत मैदानात चपला, पिशव्या आणि काचा. केंद्राध्यक्ष मला म्हणाले, दार लावून घ्या.

मी दाराशी गेले. मैदानाच्या मधोमध, जिथे रांग होती तिथे, पगारेबाई उभ्या होत्या. केस पांढरे झालेले, पाठ थोडी वाकलेली, हातात छत्री. एक तरुण पोलीस त्यांच्यावर ओरडत होता, "आजी, पळा! ऐकू येत नाही का?"

"कमी येतं," बाई म्हणाल्या. "मी रांगेत आहे."

"रांग कुठंय?"

"ही काय."

त्याने लाठी उचलली. बाईंनी छत्री उघडली आणि डोक्यावर धरली, ऊन फार होतं. त्या मुलाला काय करावं कळेना. तो दुसरीकडे धावत गेला.

मी मागे वळून केंद्राध्यक्षांना म्हटलं, "दार लावता येणार नाही. मतदार उभा आहे."

थोड्या वेळाने एका पायात चप्पल असलेली एक बाई भिंतीच्या कडेने आली आणि त्यांच्या मागे उभी राहिली. मग एक म्हातारे गृहस्थ. मग कडेवर पोर घेतलेली एक मुलगी. पगारेबाईंनी छत्री जरा मागे कलती केली, पोरावर सावली पडेल अशी. मी टेबलावर येऊन बसले, यादी सरळ केली आणि म्हटलं, "या."